घरचा कॉम्प्युटर आणि अ‍ॅडमिन खातं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची उत्तरं विंडोज 10 आणि 11 धरून लिहिली आहेत, कारण बहुतेक घरांत आणि छोट्या ऑफिसांत तेच चालतं. मॅक आणि लिनक्सबद्दल शेवटाकडे थोडं आहे. घाईत असाल तर एवढंच करा : रोजचं खातं स्टँडर्ड ठेवा, अ‍ॅडमिनचं खातं वेगळं काढा आणि त्याचा पासवर्ड वेगळा ठेवा. का आणि कसं, ते पुढे वाचा.

अ‍ॅडमिन खातं म्हणजे नक्की काय?

विंडोजमध्ये मुख्यतः दोन प्रकारची खाती असतात. स्टँडर्ड खातं असलेला माणूस स्वतःपुरतं सगळं करू शकतो : आपल्या फाइली, आपला ब्राउझर, आपला वॉलपेपर, आपला पासवर्ड. अख्ख्या मशीनवर परिणाम होईल असं काही करायचं असेल तर अ‍ॅडमिन लागतो. ड्रायव्हर (प्रिंटरसारखी उपकरणं चालवणारं सॉफ्टवेअर) टाकणं, 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये सॉफ्टवेअर बसवणं, फायरवॉलचे नियम बदलणं, दुसऱ्याचं खातं उघडणं किंवा पुसणं ही सगळी अ‍ॅडमिनची कामं.

नवा लॅपटॉप पहिल्यांदा सुरू करताना जे खातं तयार होतं ते अ‍ॅडमिनच असतं. पुढे दुसरं खातं काढायचं कुणाच्या मनातही येत नाही. मग बाबांचं बँकेचं काम, मुलीचा प्रोजेक्ट आणि सुट्टीत आलेल्या भाच्याचे गेम, सगळं त्या एकाच अ‍ॅडमिन खात्यात चालतं.

माझं खातं कुठल्या प्रकारचं आहे, कसं बघू?

सेटिंग्ज, मग अकाउंट्स, मग 'युवर इन्फो'. नावाखाली 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' लिहिलेलं असेल तर अ‍ॅडमिन, नाहीतर स्टँडर्ड. बाकीची खाती बघायची असतील तर कंट्रोल पॅनलमधलं 'युजर अकाउंट्स' उघडून 'मॅनेज अनदर अकाउंट'वर जा. तिथे एखादं अनोळखी नाव दिसलं तर खाली दुरुस्तीवाल्याबद्दलचा प्रश्न आधी वाचा.

पूर्वी असलं काही नव्हतं. मग हे कधी सुरू झालं?

नव्हतं हे खरं. विंडोज 95 आणि 98 मध्ये पासवर्डची खिडकी यायची, पण एस्केप दाबलं की माणूस थेट आत. 2001 साली आलेल्या एक्सपीत अ‍ॅडमिन आणि 'लिमिटेड' असे दोन प्रकार होते, पण इन्स्टॉल करताना काढलेली सगळी खाती अ‍ॅडमिन व्हायची. शिवाय त्या काळातली सॉफ्टवेअर लिमिटेड खात्यात धड चालायची नाहीत. त्यामुळे सगळं जग अ‍ॅडमिन होऊन इंटरनेटवर फिरत होतं आणि व्हायरसवाल्यांचं फावत होतं.

2007 मध्ये घरोघरी पोचलेल्या व्हिस्टाने 'युजर अकाउंट कंट्रोल' (यूएसी) आणलं. स्क्रीन अंधारून परवानगी विचारणारी ती खिडकी म्हणजे हेच. व्हिस्टा बदनाम झाला त्यात या खिडकीचा मोठा वाटा होता, कारण ती उठता-बसता यायची. माझ्या मते मात्र व्हिस्टाने केलेलं ते सगळ्यात चांगलं काम. तिच्या धाकाने सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना, अ‍ॅडमिन नसतानाही चालेल असं काहीतरी लिहावं लागलं.

मी अ‍ॅडमिन आहे, तरी विंडोज मलाच परवानगी का विचारतं?

कारण तुम्ही अ‍ॅडमिन असलात तरी तुम्ही उघडलेला प्रत्येक प्रोग्रॅम अ‍ॅडमिन नसतो. तुम्ही लॉगिन केलंत की विंडोज तुमच्या नावाने दोन ओळखपत्रं तयार करतं. त्यांना टोकन म्हणतात. एक पूर्ण अधिकारांचं, दुसरं त्यातले मोठे अधिकार काढून घेतलेलं. ब्राउझर, वर्ड, ईमेल, सगळं त्या दुसऱ्या कमी अधिकाराच्या टोकनवर चालतं. एखाद्या प्रोग्रॅमने पूर्ण अधिकाराचं टोकन मागितलं की ते देण्याआधी विंडोज तुम्हाला विचारतं.

ज्या बटणावर किंवा आयकॉनवर निळी-पिवळी ढाल दिसते, ते दाबल्यावर हाच प्रसंग येणार हे आधीच समजा.

ती खिडकी आली की नेमकं काय बघायचं?

बहुतेक जण काहीच बघत नाहीत, 'येस' दाबतात. खिडकीत वाचण्यासारख्या तीनच गोष्टी असतात.

पहिली म्हणजे वेळ. तुम्ही आत्ता काही इन्स्टॉल करायला घेतलं होतं का? घेतलं असेल तर खिडकी येणारच. तुम्ही नुसते पेपर वाचत बसलाय आणि ती आली, तर 'नो' दाबा. काही बिघडत नाही. खरंच गरजेचं काम असेल तर ते पुन्हा विचारेल.

दुसरी म्हणजे पब्लिशर. प्रोग्रॅमवर कंपनीची डिजिटल सही असेल तर खिडकीचा पट्टा निळा असतो आणि 'व्हेरिफाइड पब्लिशर'पुढे नाव येतं. सही नसेल तर पट्टा पिवळा आणि पब्लिशर 'अननोन'. पिवळा म्हणजे व्हायरसच असं नाही. अनेक छोटी, प्रामाणिक सॉफ्टवेअर सहीशिवाय येतात, कारण सहीचं प्रमाणपत्र विकत घ्यावं लागतं. पण खिडकीत नाव अ‍ॅडोबी रीडरचं आणि पब्लिशर अननोन, असं दिसलं तर ती फाइल अ‍ॅडोबीची नाही. तिथेच थांबायचं.

तिसरी गोष्ट 'शो मोअर डिटेल्स' दाबल्यावर दिसते : प्रोग्रॅम कुठल्या फोल्डरातून चाललाय. इन्स्टॉलर डाउनलोड्समधून चालणं साहजिक आहे. पण विंडोजचा भाग असल्याचा आव आणणारी फाइल तात्पुरत्या फाइलींच्या 'टेंप' फोल्डरातून चालत असेल तर दाळ में काही काला नाही, सगळी डाळच काळी आहे.

आणि निळा पट्टा म्हणजे अभय नव्हे. सही फक्त इतकंच सांगते की फाइल अमुक कंपनीकडून आली आणि वाटेत बदलली गेली नाही. ती कंपनी कशी आहे, ते सही सांगत नाही.

ही कटकट बंद करता येते ना?

येते. स्टार्टमध्ये 'यूएसी' टाइप केलं की चार पायऱ्यांची सरकपट्टी उघडते. ती विंडोज 7 पासून आहे. सगळ्यात खालची पायरी म्हणजे 'कधीच विचारू नका'. अ‍ॅडमिन खात्यात ती लावलीत की अधिकार मागणाऱ्या कुठल्याही प्रोग्रॅमला न विचारता ते मिळतात. तिथे नेऊ नका.

उलट मी पट्टी सगळ्यात वर नेऊन ठेवा असं सांगेन. मूळ जागी ती वरून दुसरी असते. तिथे विंडोजच्या स्वतःच्या सेटिंग्जना न विचारता परवानगी मिळते, आणि याच सवलतीचा फायदा घेऊन गुपचूप अधिकार मिळवणारी मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) बरीच आहेत. वरून तिसऱ्या पायरीवर स्क्रीन अंधारत नाही, एवढाच फरक. पण तो अंधार शोभेचा नाही. त्या वेळी खिडकी वेगळ्या, बंदिस्त डेस्कटॉपवर असते, म्हणजे दुसरा एखादा प्रोग्रॅम तुमच्या वतीने 'येस'वर क्लिक करू शकत नाही.

मग रोज स्टँडर्ड खातंच वापरायचं का? विचारतंच आहे की ते.

हो, स्टँडर्डच. अ‍ॅडमिन खात्यात खिडकी आली की नुसतं 'येस' दाबायचं असतं, आणि दाबून दाबून बोटाला ती सवय लागते. स्टँडर्ड खात्यात तीच खिडकी अ‍ॅडमिनचा पासवर्ड किंवा पिन मागते. पासवर्ड टाइप करताना माणूस दोन सेकंद थांबतो आणि खिडकीत काय लिहिलंय ते वाचतो. घरातल्या ज्याला पासवर्ड माहीत नाही, त्याला तुम्हाला हाक मारावीच लागते.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. एकाच अ‍ॅडमिन खात्यातली ती दोन टोकनं म्हणजे पक्की भिंत नव्हे, हे मायक्रोसॉफ्टच सांगत आलं आहे. त्यांच्या हिशेबी ती सोय आहे, सुरक्षेची सीमा नाही. दोन वेगळी खाती ही खरी सीमा.

हे करायचं कसं?

क्रम चुकवू नका.

आधी नवं खातं काढा : सेटिंग्ज, अकाउंट्स, 'अदर युजर्स', 'अ‍ॅड अकाउंट'. (विंडोज 10 मध्ये हे 'फॅमिली अँड अदर युजर्स'मध्ये आहे.) ते ईमेल मागेल. तुमच्याकडे त्या माणसाची माहिती नाही असा पर्याय निवडा, मग मायक्रोसॉफ्ट अकाउंटशिवाय खातं काढण्याचा. नाव काहीही द्या, पासवर्ड दणकट द्या. त्यात तीन सुरक्षा-प्रश्न विचारले जातात. आईचं माहेरचं आडनाव असलं, अर्ध्या गावाला माहीत असलेलं उत्तर देऊ नका.

मग त्या नव्या खात्यावर 'चेंज अकाउंट टाइप' दाबून त्याला अ‍ॅडमिन करा. साइन आउट व्हा, नव्या खात्यात शिरा, पासवर्ड चालतोय याची खात्री करा. आणि मगच, तिथूनच, तुमच्या जुन्या खात्याला स्टँडर्ड करा.

जुन्या खात्यातल्या फाइली, फोटो, बुकमार्क, डेस्कटॉप यातलं काहीही हलत नाही. बदलतो फक्त दर्जा. नवा अ‍ॅडमिन पासवर्ड कागदावर लिहून घरच्या कागदपत्रांच्या फायलीत ठेवला तरी चालेल. इंटरनेटवरच्या चोराला तुमचं कपाट उघडता येत नाही.

स्टँडर्ड खात्यात काय काय अडतं?

वाटतं त्यापेक्षा कमी. विंडोजचे अपडेट होतात, वायफाय जोडता येतं, टाइम झोन बदलता येतो. क्रोमसारखी काही सॉफ्टवेअर तर अ‍ॅडमिन नसेल तेव्हा तुमच्या स्वतःच्या फोल्डरातच बसतात. अडतं ते प्रिंटर-स्कॅनरच्या ड्रायव्हरला, टॅली बसवताना, डिजिटल सिग्नेचरच्या यूएसबी टोकनचा ड्रायव्हर टाकताना, आणि घड्याळाची तारीख-वेळ बदलताना. ही काही रोजची कामं नव्हेत.

एक खाचखळगा मात्र आहे, आणि तो भल्याभल्यांना कळत नाही. स्टँडर्ड खात्यात बसून तुम्ही अ‍ॅडमिनचा पासवर्ड दिला की तो प्रोग्रॅम त्या अ‍ॅडमिनच्या नावाने चालतो, तुमच्या नावाने नव्हे. त्यामुळे इन्स्टॉलरने 'फक्त माझ्यासाठी की सगळ्यांसाठी' असं विचारलं आणि तुम्ही 'फक्त माझ्यासाठी' निवडलंत, तर सॉफ्टवेअर अ‍ॅडमिनच्या खात्यात जाऊन बसतं आणि तुम्ही आपला स्टार्ट मेनू धुंडाळत राहता. अशा वेळी 'सगळ्यांसाठी' निवडा.

मराठी फॉन्ट टाकला, मला दिसतो, पण दुसऱ्या खात्यात नाही. असं का?

विंडोज 10 च्या 1809 आवृत्तीपासून फॉन्ट एकेका खात्यापुरता टाकता येतो, त्याला अ‍ॅडमिन लागत नाही. फॉन्टच्या फाइलवर राइट-क्लिक करून साधं 'इन्स्टॉल' म्हटलं की तो 'विंडोज'मधल्या 'फॉन्ट्स' फोल्डरात न जाता तुमच्या 'अ‍ॅपडेटा'त जातो. साहजिकच दुसऱ्या खात्यात तो दिसत नाही. डीटीपीवाल्यांची, म्हणजे छपाईची पानं लावणाऱ्यांची, पंचाईत याच्याही पुढची : जुनी सॉफ्टवेअर फॉन्ट शोधतात ते फक्त त्या मुख्य फोल्डरात. मग वर्डमध्ये फॉन्ट दिसतो, पण जुन्या पेजमेकरमध्ये दिसत नाही, आणि दोष दिला जातो फॉन्टला. राइट-क्लिक करून 'इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स' निवडा, पासवर्ड द्या, सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडा.

काही चालेना झालं की 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करावं का?

हा तोडगा इतका पसरलाय की लोक तो डोकेदुखीच्या गोळीसारखा वापरतात. गरज असेल तरच करा, कारण नव्या अडचणीही त्यानेच येतात. अ‍ॅडमिन म्हणून चाललेल्या प्रोग्रॅमवर डेस्कटॉपवरची फाइल ओढून टाकायला जा. गोलावर तिरकी रेघ असलेलं चिन्ह येतं आणि फाइल आत जात नाही. माउस ठीक असतो. कमी अधिकाराच्या खिडकीने जास्त अधिकाराच्या खिडकीत काही ढकलू नये, हा विंडोजचा नियम आहे. ऑफिसमधला नेटवर्क ड्राइव्ह, समजा झेड, तोही अशा प्रोग्रॅमला बहुधा दिसत नाही, कारण तो जोडलेला असतो दुसऱ्या टोकनवर.

रोज 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' केल्याशिवाय सुरूच होत नाही असं सॉफ्टवेअर बहुतेक वेळा 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्येच आपली डेटा फाइल लिहू पाहत असतं. डेटाचं ठिकाण बदलता आलं तर बदला, अर्धे प्रश्न सुटतात.

अ‍ॅडमिन असूनही एक फाइल डिलीट होत नाही. 'ट्रस्टेडइन्स्टॉलर'ची परवानगी मागतंय.

ती विंडोजची स्वतःची फाइल आहे. तिची मालकी अ‍ॅडमिनकडेही नसते, अपडेट बसवणाऱ्या सेवेकडे असते. मालकी ओढून घेण्याच्या युक्त्या यूट्यूबवर भरपूर आहेत. जागा मोकळी करायची असेल तर 'डिस्क क्लीनअप' वापरा, या फायलींच्या नादी लागू नका.

घरातला अ‍ॅडमिन बाकीच्यांच्या फाइली बघू शकतो का?

हो. दुसऱ्याच्या नावाचं फोल्डर उघडायला गेलं की विंडोज सांगतं, तुम्हाला सध्या परवानगी नाही, आणि खाली 'कंटिन्यू'चं बटण देतं. ते दाबलं की परवानगी मिळते, आणि तीही कायमची. ज्याचं फोल्डर आहे त्याला काही सूचना जात नाही. भाडेकरू, नातेवाईक, ऑफिसातले सहकारी एकाच मशीनवर असतील तर हे सगळ्यांना माहीत असलेलं बरं.

मुलाला अ‍ॅडमिन द्यावं का? म्हणतो, गेमला लागतं.

गेम बसवताना लागतं, हे तो खरं सांगतोय. काही ऑनलाइन गेमचं चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर तर ड्रायव्हर म्हणूनच आत शिरतं. बसवताना तुम्ही पासवर्ड टाका, खेळायला अ‍ॅडमिन लागत नाही. वेळेची मर्यादा किंवा वेबसाइटवर बंधनं घालायची असतील तर मुलाचं खातं स्टँडर्डच हवं, नाहीतर ती बंधनं तोच काढेल.

स्टँडर्ड खातं असलं की व्हायरस येत नाही?

येतो. तुमच्या फाइली बदलायचा अधिकार तुम्हाला आहे, म्हणजे तुमच्या नावाने चाललेल्या रॅन्समवेअरलाही (फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरलाही) आहे. फोटोंना कुलूप लावायला त्याला अ‍ॅडमिन लागत नाही. पण विंडोजने राखून ठेवलेल्या जुन्या प्रती पुसायला लागतो, अँटिव्हायरस बंद पाडायला लागतो, दुसऱ्यांच्या खात्यात शिरायला लागतो. नुकसान एका खात्यापुरतं राहील की अख्ख्या मशीनचं होईल, हा फरक बराच मोठा आहे.

27 जून 2017 चं नॉटपेट्या या मालवेअरचं प्रकरण याचं ठळक उदाहरण. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून ते सुटलं आणि मर्स्क या जहाज कंपनीमार्फत न्हावाशेव्यापर्यंत पोचलं. तिथल्या जेएनपीटी बंदरातल्या तिच्या टर्मिनलचं काम ठप्प झालं, कंटेनर खोळंबले. त्याची चाल अशी होती : अ‍ॅडमिन अधिकार मिळाले तर डिस्कचा सुरुवातीचा भागच बदलायचा, म्हणजे मशीन सुरूच होऊ नये, आणि मेमरीत सापडलेले अ‍ॅडमिनचे पासवर्ड वापरून शेजारच्या मशीनमध्ये घुसायचं. छोट्या ऑफिसात दहाही मशीनना एकच अ‍ॅडमिन पासवर्ड ठेवणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

त्याच वर्षी मे महिन्यातल्या वॉनाक्राय या रॅन्समवेअरला मात्र कुणाच्या 'येस'ची गरजच नव्हती. ते विंडोजमधल्याच एका भोकातून थेट शिरत होतं. ते भोक बुजवणारा अपडेट मार्चमध्येच आला होता. म्हणून खातं स्टँडर्ड करा, अपडेट चालू ठेवा, आणि फोटोंची एक प्रत मशीनला कायम न जोडलेल्या हार्ड डिस्कवर ठेवा. विंडोज 10 चे नेहमीचे अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला संपले, हेही ध्यानात असू द्या.

लॅपटॉप दुरुस्तीला देताना पासवर्ड द्यावा का?

स्क्रीन, कीबोर्ड, बॅटरी बदलायची असेल तर गरज नाही. सॉफ्टवेअरचं काम असेल तर द्यावा लागतो. तेव्हा तात्पुरतं वेगळं अ‍ॅडमिन खातं काढून द्या आणि मशीन परत आल्यावर ते पुसा. तुमच्या फाइली त्याला दिसू शकतात हे मात्र याने टळत नाही, म्हणून खाजगी असेल ते आधी काढून घ्या. परत आल्यावर खात्यांची यादी आणि यूएसीची पट्टी, दोन्ही तपासा. अनेक जण कामात अडथळा नको म्हणून पट्टी खाली नेतात आणि तशीच ठेवून देतात.

फोनवर 'कंपनीतून बोलतोय, स्क्रीन शेअर करा' म्हणतात. त्यात अ‍ॅडमिनचा काय संबंध?

मोठा आहे. स्क्रीन बघणारं सॉफ्टवेअर साध्या अधिकाराने चालत असेल तर परवानगीची खिडकी आल्यावर समोरच्याला स्क्रीन काळी किंवा गोठलेली दिसते. म्हणून तो गोड बोलून सांगतो, 'काका, एक विंडो येईल, फक्त येस करा.' ते केलं की मशीन त्याचं. स्टँडर्ड खात्यात त्याला तुमच्याकडून पासवर्ड टाकून घ्यावा लागतो, आणि तिथे बरेच जण सावध होतात. अशा स्क्रीन शेअर करणाऱ्या अ‍ॅपवरून होणाऱ्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी 2019 मध्येच बँकांना सावध केलं होतं. पैसे गेले असतील तर इंटरनेट तोडा, बँकेला कळवा आणि 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा.

विंडोजमध्ये एक लपलेलं 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' खातं असतं म्हणे. ते सुरू करू?

असतं, आणि व्हिस्टापासून ते मुद्दाम बंद ठेवलेलं आहे. मूळ सेटिंगनुसार त्या खात्याला परवानगीची खिडकी येतच नाही. रोजच्या वापराला ते सुरू करणं म्हणजे 2001 सालात परत जाणं. नको.

अ‍ॅडमिनचा पासवर्डच विसरलो तर?

मायक्रोसॉफ्ट अकाउंट असेल तर दुसऱ्या मशीनवरून किंवा फोनवरून ऑनलाइन बदला. लोकल खातं (मायक्रोसॉफ्ट अकाउंटशिवाय काढलेलं) असेल तर चुकीचा पासवर्ड टाकल्यावर 'रीसेट' दिसतं आणि ते सुरक्षा-प्रश्न विचारले जातात. तिसरा मार्ग, मशीनवरच्या दुसऱ्या अ‍ॅडमिनने बदलून देणं. तो पत्करताना विंडोजचा इशारा वाचा : लोकल खात्याचा पासवर्ड असा जबरदस्तीने बदलला की त्या खात्यातली वैयक्तिक सर्टिफिकेटं, साठवलेले पासवर्ड आणि विंडोजने एन्क्रिप्ट (किल्लीशिवाय वाचता येणार नाहीत अशा) केलेल्या फाइली हातच्या जाऊ शकतात.

डिस्क एन्क्रिप्ट असेल तर 48 आकडी रिकव्हरी की लागू शकते. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये आहे का, ते आजच बघून ठेवा.

मॅकवर आणि लिनक्सवर?

तत्त्व तेच. मॅकवरही पहिलं खातं अ‍ॅडमिन असतं आणि दुसरं स्टँडर्ड काढता येतं. सगळ्यांच्या वरचं 'रूट' खातं बंद असतं, आणि 2015 च्या एल कॅपिटन या मॅकच्या आवृत्तीपासून सिस्टीमच्या फायलींना रूटलाही हात लावू दिला जात नाही. तिथेही चुका होतात. नोव्हेंबर 2017 मध्ये हाय सिएरा या आवृत्तीवर 'रूट' हे नाव आणि रिकामा पासवर्ड टाकून आत शिरता येतं असं उघड झालं, आणि अ‍ॅपलला दुसऱ्याच दिवशी अपडेट काढावा लागला.

उबुंटू या लिनक्समध्ये रूटला पासवर्डच नसतो. 'सुडो' लावून तेवढ्या एका आज्ञेपुरता अधिकार घ्यायचा. पासवर्ड टाइप करताना बऱ्याच ठिकाणी ठिपकेसुद्धा उमटत नाहीत. कीबोर्ड बिघडलेला नसतो, टाइप करून एंटर मारा.

ऑफिसच्या लॅपटॉपवर आयटीवाले अ‍ॅडमिन देत नाहीत. काय करू?

काही नाही. त्यांचं बरोबर आहे. हवं ते सॉफ्टवेअर त्यांच्याकडून टाकून घ्या.